काच

फ्रेम मीच केली, फणसाच्या लाकडाची.
चार बाय सहा. कागदावरचं काम, म्हणून वर काच.
कावेच्या रंगातल्या बायका, कमरेत वाकलेल्या,
समोरासमोर दोन ओळी,
लुगड्यांच्या लाल चौकटी, चेहऱ्यांना डोळे नाहीत.
पायांखाली नुसता पांढरा.
त्या पांढऱ्याबद्दल उद्घाटनाला
एक गृहस्थ बराच वेळ बोलले.

गोकुळा वेळीप गावडोंगरीहून आली,
कदंबा दोनदा बदलून.
तिच्याच धालोच्या मांडाबाहेर, कुंपणापाशी बसून
चित्रकारानं तीन रात्री वही भरली होती.
गॅलरीच्या दाराशी तिनं चपला काढल्या.
वॉचमन म्हणाला, असू देत.
तिनं ऐकलं नाही.

चित्रापुढे थांबली.
"सारोवपाचें रावलां," म्हणाली,
आणि पांढऱ्यावर, म्हणजे काचेवर,
तळवा टेकवून
एक अर्धगोल,
त्याला लागून दुसरा,
बाजूला सरकत सरकत
कोपऱ्यापर्यंत.

चित्र पणजीतल्याच एका हॉटेलनं घेतलं.
पाठवण्याआधी काच पुसायचं काम माझ्याकडे.
सकाळी फडकं ओलं करून ठेवलं होतं.
दोनदा वाळलं.