नऊ अंडी, तीन कोंबडे

रेमिहिओ पेन्सिल घेऊन आला, सुताराची, चपटी,
होडीच्या फळ्यांवर खुणा करतो तीच.
म्हणाला, एदुविना, लिहूनच ठेवू,
नाहीतर मागाहून शब्द फिरवशील.

पाच निळी, तीन शेवाळी,
आणि एक उगाच पांढरं, कुठल्या कोंबडीचं ते कळलंच नाही.
बिनशेपटीची काळी खुडूक होऊन
बटाट्यांच्या रिकाम्या पोत्यावर ठाण मांडून होती.
हात नेला की चोच.
तिलाच रवणात बसवलं, चुलीमागे,
ओली लाकडं वाळत घालते तिथे.
चिलोएत सप्टेंबरातही लाकडं ओलीच.

आता प्रश्न बापाचा.
माझा तांबडा, नागव्या मानेचा,
म्हातारा, एका डोळ्याने अधू, पण आब राखून असणारा.
रेमिहिओचा कबरा, ज्याला कुंपण म्हणजे काय हे ठाऊकच नाही.
आणि देवळातल्या घंटेवाल्याचा पांढरा.
त्याला मी माझ्या अंगणात दोन रविवारी पाहिलं होतं
आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

खाण तशी माती, खरंय.
पण इथे खाणी तीन,
आणि एकदा भेटलेला कोंबडा
कोंबडीच्या पोटात पंधरा दिवस मुक्कामाला असतो.
ती कुणालाच लगेच विसरत नाही.

पैज अशी की हरेल त्याने कुंपण दुरुस्त करायचं.
माझ्या नवऱ्याने ते घातलं
तो आणि रेमिहिओ बोलेनासे झाले त्या वर्षी.
कशावरून, ते आता मलाही आठवत नाही,
आणि रेमिहिओला विचारायची सोय नाही,
कारण त्याला आठवत असेल.

त्याने फळीवर लिहिलं: झाडून सगळी कबरी.
मी लिहिलं: दोन नागव्या मानेची, बाकी देव जाणे.
देव जाणे चालणार नाही, रंग लिही.
मग मी लिहिलं: शिंपल्याच्या आतला.
हा रंग नाही, म्हणाला.
आहे, म्हटलं.
चहा गार झाला तरी आम्ही त्यावरच.

सातव्या रात्री अंड्यांमागे टॉर्च धरला.
आत लाल कोळी जाळं विणत होते.
पांढऱ्यात काहीच नाही, नुसता उजेड.
रेमिहिओने ते खिशात घातलं, पुरायला नेतो म्हणाला,
तळून खाल्लं असेल तर मी विचारलं नाही.

एकविसावा दिवस. पहाटे पोत्यातून बारीक टकटक.
पहिलं काळं, डोक्यावर पांढरा ठिपका:
मोठं झालं की कबरं. दुसरंही तसंच.
रेमिहिओने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.
तिसरं नागव्या मानेचं, ओलं, रागावलेलं. आता मी हसले.
चौथं पिवळंधमक.
दोघेही गप्प.
घंटेवाला, तो शेवटी म्हणाला,
आणि मी लाकडं सारखी करू लागले.

पाचव्याच्या डोक्यावर ठिपका, मान मात्र नागवी.
दोन बाप कसे?
तो बोटं मोजत बसला, मलाही आधी सुचेना.
मग आठवलं, ते अंडं तरण्या तलंगेचं,
आणि ती माझ्या म्हाताऱ्याची लेक, तीही उघड्या मानेचीच.
म्हणजे एका अंगाने माझं, एका अंगाने तुझं.
त्याने ते तळहातावर घेतलं
आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

सहावं मळकट राखी. दोन अंडी उघडलीच नाहीत.
ती मी पुरली, मी.

कुंपणाचं विचाराल तर
कोण हरलं तेच ठरेना, शिवाय खिळे गंजलेत, म्हणाला.

पिल्लाची लव म्हणजे नुसती थाप.
पिवळ्याच्या खांद्यावर पाचव्या आठवड्यात गंज उतरला,
नागव्या मानेचं काळवंडत गेलं,
फळीवर खोडाखोड वाढली.
राखी मात्र रोज निराळं दिसायचं.

काल दुपारी ऊन पडलं, तासभर.
ते धुळीत आडवं झालं, पंख पसरून,
आणि राखेखालून निळसर, मग गुलाबी,
मग नाव नसलेलं काहीतरी चमकून गेलं.
रेमिहिओ चष्मा आणायला घरी गेला,
कुंपणाच्या भगदाडातूनच.
परत येऊन वाकून पाहिलं.
कानामागची पेन्सिल काढली,
आणि सहाच्या आकड्यासमोर, स्वतःच्या हाताने,
शिंपला.