गाळपेऱ्यात मास्तर

भाचा म्हणला, मावशी, गाळपेऱ्यात पैसे चालत नाहीत.
मग काय चालतं?
म्हणला, जे असंल ते द्यायचं. मागायचं नाही.

पंचवीस वर्षं ‘सुट्टे द्या, सुट्टे द्या’ करत
मी अंबाजोगाई–लातूर उभ्यानं काढली.
माझ्याकडं काय असणार द्यायला?

पंच होता.
मशिनी आल्या तेव्हा डेपोत जमा करायचा होता,
हरवला म्हणून लिहून दिलं, दंड भरला,
आणि शालूच्या घडीत ठेवला.
नवऱ्यालाही माहीत नाही.
गेल्या सालचं कॅलेंडर कापलं,
एकादशा, अमावस्या, गॅस लावल्याची तारीख,
चारशे तिकिटं झाली.

मांजरा धरण आटलेलं.
धनेगावच्या अलीकडं गाडी गाळात उतरली.
चप्पल अडकावी अशा भेगा, शिंपल्यांचा चुरा,
आणि मधोमध, देवाशपथ, एक दार.
नुसतं दार. भिंत नाही.
लोक रांग लावून त्यातून जायलेत
आणि पलीकडं जाऊन रडायलेत.
फुटक्या घागरींचा तीस फुटी मासा.
चंदेरी रंग फासलेला पोरगा परकर नेसून
कलिंगडाच्या फोडी वाटत फिरायलाय.
वर काठाला म्हशी, आणि म्हशीवाला.
दिवसभर हलला नाही गडी.
सगळ्यात चांगली सीट त्याची.

गेटवरची पोरगी म्हणली, इथं सगळ्यांना नवीन नाव.
मी म्हणलं, मला आहे की. मास्तर.
बाई कंडक्टर आली तरी आमच्याकडं हाक तीच :
ओ मास्तर, फाट्यावर उतरवा.

गाळात उपडी होडी होती, तिच्यावर बसले
आणि पंच टिकटिकवला.
बास. गर्दी झाली.
कुठं जायचं?
‘शाळा सुटायच्या आधी.’
‘बापाच्या उजव्या बाजूला.’
‘जिथं माझा फोन लागत नाही.’
एक दाढीवाला म्हणला, मला हाफ.
वय?
आतलं सांगू का बाहेरचं?
दिलं हाफ.
एकाला जिथून कोणी परत येत नाही तिथलं पाहिजे होतं.
ती गाडी आपली आपण येते, बाबा,
तिला तिकीट लागत नाही. बस खाली, पाणी पी.

अंधार पडताना एक पोरगी आली, पाठीला सॅक.
कुठं?
म्हणली, तुम्हीच ठरवा.

आणि मला बर्दापूर फाटा दिसला.
दोन हजार चार. दिवेलागण.
दोन रुपये कमी होते म्हणून
मी एका पोरीला तिथं उतरवलं.
त्या हप्त्यात चेकिंग लागलं होतं, असं घरी सांगितलं.
लागलं नव्हतं.
एक घंटी. मग दोन.
मागच्या काचेतून बघितलं पण नाही,
कॅश मोजत होते.

हिला लातूर फाडलं, पूर्ण.
पंच करताना हात हलला, दोन भोकं पडली.
म्हणली, थँक्यू मास्तर.
तिला काय माहीत.

रात्री त्यांनी ते दार जाळलं.
सगळे ओरडले, नाचले.
मी पण थोडी. गुडघे चालले तेवढी.

सकाळी नियम : मागं काही ठेवायचं नाही.
कोण मणी वेचायलंय, कोण राख भरायलंय.
मी भेगांवर ओणवी,
पंचातून गळालेल्या टिकल्या उचलत,
तांदळाएवढ्या. एखादीवर शुक्रवारचा नुसता ‘शु’.
तिकिटं गेली तीनशे बारा.
एकाला दोन भोकं, म्हणजे टिकल्या तीनशे तेरा पाहिजेत.
पदरात घेऊन तीनदा मोजल्या.
तीनशे बारा.

हिशोब जुळल्याशिवाय
मी कधी डेपोतून घरी गेले नव्हते.
भाचा हॉर्न वाजवायलाय.
ऊन चढायलंय.

गाडीत बसले,
आणि पत्र्यावर बाहेरून हात मारला,
दोनदा.