पांढरी पाच, केसभर वर

ऑगस्टमध्ये स्टुडिओ निम्म्या भाड्यात मिळतो,
म्हणून नाताळ ऑगस्टमध्ये.
मनामा, गुदैबिया, पडद्यांच्या दुकानावर दुसरा मजला.
बाहेर शेहेचाळीस,
आणि आत टेक सुरू झाला की एसी बंद,
कारण माइकला सगळं ऐकू येतं.

एरमेलिंदा डाबरे, गाव गिरीज, तालुका वसई.
पोस्टरवर मात्र लिंडा डी.
बावीस वर्षं एकाच हॉटेलच्या लाउंजमध्ये
लोकांच्या बोलण्याखाली जॅझ गायली.
"टेबलक्लॉथ," ती म्हणते, "डाग पडला तरच दिसतो."
जूनमध्ये लाउंज मोडून तिथे जिम झाली.
हातात आलेली ग्रॅच्युइटी तिने माझ्यापुढे ठेवली:
दहा गाणी कर, मिरजकर. सगळी नाताळची.
सगळी हळू.

कीबोर्डवर रोमेल. बेसवर जोमोन.
ड्रमवर येरवंद, जो दिवसभर दात काढतो
आणि संध्याकाळी ब्रश असे फिरवतो
की वाटावं, शेजारच्या घरात कोणी तांदूळ पाखडतंय.

तिसऱ्या गाण्यात हिमवर्षाव होता.
मी म्हटलं, गारवा येत नाहीये आवाजात.
तिने मानेवरचा घाम पुसला.
"बर्फ मी दोनच पाहिले, बाबा.
एक इथल्या ग्लासातला. एक वडलांच्या टेम्पोतला."
आकड्याने ओढलेली लादी, भुशात लोळलेली,
गोणपाटातून ठिबकत
पाचूबंदरपर्यंत निम्मी होणारी.
पुढच्या टेकला तिने तीच लादी गायली.
शब्द इंग्रजीच होते,
पण प्रत्येक ओळीच्या टोकाला सूर जरा ठिबकू दिला,
आणि येरवंदच्या ब्रशांचा भुसा झाला.

दहावं गाणं रात्री अडीचला.
तेव्हाच शेजारच्या इमारतीचा कॉम्प्रेसर लागला.
भिंतीतून घरघर.
वॉचमन म्हणाला, मालक रियाधला, चावी मालकाकडे.
मी सूर शोधला: पांढरी पाच, केसभर वर.
फिल्टरने काढायला गेलो
तर तिच्या आवाजाची छातीच निघून आली.

ती हेडफोन लावून ऐकत बसली. बराच वेळ.
"तुझे वडील काय करायचे रे मिरजेत?"
"तंबोऱ्यांची जवारी काढायचे."
"मग हा वेगळं काय करतोय?"

रोमेलने कीबोर्ड केसभर चढवला.
जोमोनने खुंट्या पिळल्या.
येरवंद हात मांडीवर ठेवून बसून राहिला.
ठरलेलं गाणं तिने गायलंच नाही.
आईचं गायली, गोठा मांडतानाचं:
थाळीत पेरलेली नाचणी बोटभर वर आली,
तिच्यात मातीच्या मेंढ्या सोडा,
एकीला पाय तीनच आहेत,
तिला नाचणीला टेकवून उभी करा.
एवढंच गाणं. पुन्हा पुन्हा तेवढंच.
आणि मेंढी प्रत्येक वेळी पडता पडता राहिली.

एकच टेक.
नंतरची अकरा सेकंदं मी कापली नाहीत.

डिसेंबरात तीनशे सीड्या आल्या, ऐंशी खपल्या.
एक येरवंदच्या दवाखान्यात वाजते,
तिथे सगळ्यांची तोंडं उघडी असतात
म्हणून तक्रार येत नाही.
बाकीच्या माझ्या पलंगाखाली.

नाताळच्या आदल्या दिवशी गिरीजहून फोन.
स्पीकरवर टाकला.
म्हातारीने दहाच्या दहा ऐकली होती.
"इंग्लिश मला कळत नाय. शेवटचं बरं झालंय.
पण बाय, मागे ती पिठाची गिरणी कोणाची चालू होती?"

एरमेलिंदाने माझ्याकडे बघितलं.
"शेजाऱ्यांची," ती म्हणाली.
"सणाचं दळण असतं ना आई. रात्रभर चालतं."