तक्ता क्रमांक सात

जिल्ह्याहून तक्ता आला, गुंडाळलेला,
एका कोपऱ्यात उंदरानं चाखलेला.
वर लिहिलेलं: जगातील कला, इयत्ता तिसरी-चौथी.
खाली बारीक अक्षरात:
परिसरातील साहित्य वापरावे.

परिसरात होतं ते गेरू, चुन्याची निवळी,
तव्याखालची काजळी, केळीच्या खोडाचं सोपट,
पऱ्हाटीच्या काड्या पाहिजे तेवढ्या,
आणि मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका,
ज्या रद्दीत घालायचा आदेश अजून निघालेला नव्हता.

मी गणिताचा माणूस.
मला चित्र म्हणजे दोन डोंगर, मधून सूर्य,
आणि मराठी चारच्या आकड्याचे पक्षी.
यावलहून अठरा किलोमीटर वर, चिंचपाणीच्या शाळेत
एवढ्यावर बावीस वर्षं भागलं.

पहिल्या दिवशी इजिप्त.
पियुष भंगाळे म्हणाला, सर, हा राजा शेळीवानी हाये,
तोंड रस्त्याकडे अन् डोळा आपल्याकडे.
मग सगळ्यांनी शेळ्याच काढल्या.
मुकुट घातलेल्या, आडव्या चालीनं निघालेल्या शेळ्या.
मी शेरा लिहिला: समाधानकारक.

दुसऱ्या दिवशी जपानची लाट.
समुद्र कुणी पाहिलेला नव्हता, मीही एकदाच, बदलीच्या कामाला गेलो तेव्हा.
निळा तर इजिप्तच्या आभाळातच संपलेला.
रविलानं हिरवा घेतला.
तिचा बाप केळीच्या घडांची गाडी भरतो.
तिनं वावधनातला बाग काढला:
एकावर एक उठत आलेली पानं, कडांना फाटून बोटं झालेली,
आणि खाली वाकलेली तीन माणसं, होडीतल्यासारखी.
मी तक्त्याकडे पाहिलं, मग तिच्या कागदाकडे.
तक्ता जरा शांत वाटला.

ठिपक्यांचा देश आला तेव्हा
नशीबा तडवी दोन तास मान वर न करता बसली.
काडी गेरूत, काडी कागदावर.
मी विचारलं, नक्षी छान आहे, कशाची?
ती म्हणाली, नक्षी नाही सर.
हे पाणी. हे आटलेलं पाणी. इथं करवंदं.
इथं गार्ड बसतो,
इथून शेळ्या नाही न्यायच्या.
मी तो कागद भिंतीवर लावला नाही.
गार्डसाहेब कधी कधी आमच्याकडे चहाला येतात.

आणि मग मुखवटे.
उत्तरपत्रिका भिजवल्या, खळ शिजवली,
उलट्या मडक्यांवर थर चढवले.
गुमान बारेला, जो हजेरीलासुद्धा नुसता हात वर करतो,
त्याच्या मुखवट्याच्या कपाळावर
अजून वाचता येत होतं: पाचपैकी दीड.
त्यावर त्यानं राखेचे ठिपके दिले,
डोळ्यांच्या जागी दोन भोकं,
आणि तोंड मात्र बंद ठेवलं.

प्रदर्शनाला मी खिळे ठोकले, बत्तीस.
एकतीस टांगले गेले.
गुमान आपला छातीशी धरून उभा.
नाही टांगायचा, तो म्हणाला.
त्याचं पहिलं वाक्य असावं, माझ्याशी तरी.
का रे?
बाप होळीला कमरेला भोपळे बांधतो, तोंडाला राख लावतो.
मग पाच दिवस खाटेवर निजत नाही.
हा पण तसाच आहे.
मी म्हणालो, अरे, हा कागदाचा आहे,
तक्त्यावरचा, आफ्रिकेतला.
तो म्हणाला, तिथं पण निजत नसतील.

केंद्रप्रमुख आले, फोटो काढले,
रिकामा खिळा बघून म्हणाले, एक कमी आहे वाटतं.
मी म्हणालो, गैरहजर.

सुटी लागली. मुलं भोंगऱ्याच्या बाजाराला पांगली.
जाताना गुमाननं तो माझ्या खोलीत आणून ठेवला,
धान्याच्या कोठीवर, भिंतीला टेकवून.
घरी बकऱ्या खातील, म्हणाला.
बाकी काही सांगितलं नाही.

रात्री डोंगरावर ढोल सुरू झाले.
कंदील बारीक केला. खाटेवर बसलो.
पाचपैकी दीड माझ्याकडे बघत होता.
काय हा पोरखेळ, मी मोठ्यानं म्हणालो,
वर्गात म्हणतो तसं.

मग उठून गादी खाली ओढली.
फरशी गार होती.
पाठीला बरं वाटलं असं नाही म्हणणार.
पण झोप लागली.