नाव बदललेलं

अकरा अभ्यास. टेबलावर त्यांच्या प्रती,
कडेला माझ्या हिरव्या पेन्सिलीच्या खुणा.
पुनर्वसनाच्या इमारती, मानखुर्द ते माहुल,
लिफ्ट बंद, पाणी दिवसाआड,
आणि बायकांची वाक्यं, अवतरणचिन्हांत.

माझं काम एवढंच: वाक्यांवरून कोड,
कोडांवरून सूत्र, सूत्रांचा एक परिच्छेद.
‘शेजार तुटणे’ असं मी वर लिहिलं,
खाली सात अभ्यासांचा आधार.

मग तिसऱ्यात, सहभागी चौदा:
“सातव्या मजल्यावरून हाक मारली
तर ती खाली पोचेस्तोवर माझी राहत नाही.”
आणि नवव्यात शेवंता, नाव बदललेलं.
तेच वाक्य. तेच ‘पोचेस्तोवर’.

मी आकडा खोडला. साताचे सहा केले.
पद्धत म्हणते, एकीला दोनदा मोजू नये.

पण तिनं तर दोनदा सांगितलं होतं,
दोन वेगळ्या मुलींना, दोन्ही वेळा चहा टाकून,
मध्ये चार वर्षं.
लिफ्ट तेव्हाही बंद, नंतरही.

तक्त्यात याला रकाना नाही.
समासात, त्याच पेन्सिलीनं, लिहून ठेवलं:
हाक अजून पोचलेली नाही.