सतरावं मिनिट

बुधवारी तीन वाजता टेरो येतो,
दाराशी बूट झटकतो.
चौथ्या मजल्यावरच्या या खोलीतून दिसतात
थंडर बेची धान्य-कोठारं,
त्यांच्यापुढे गोठलेलं सरोवर.
रेकॉर्डर तो टेबलावर ठेवतो
नापास मुलाने प्रगतिपुस्तक ठेवावं तसा,
पालथा.

"सोळाव्या मिनिटापर्यंत बरं चाललंय," म्हणतो.
मी सतराव्यापासून लावते.

पेशंट: वय एकसष्ट.
कोठारावर कामाला होता. उजव्या हाताची तीन बोटं
पट्ट्यात गेली.
खरखरत्या आवाजात तो सांगतोय,
"हातमोजे मात्र अजून
पाच बोटांचेच घ्यावे लागतात."

मग काही नाही.
हीटरची घरघर.
लांब कुठेतरी ट्रॉलीचं चाक.

मग टेरो, घाईघाईने:
"आणि झोप? झोप कशी लागते?"

मी बटण दाबते.
"नऊ सेकंद. दहावं कुणाला जड गेलं?"
त्याचे कान लाल.
"फॉर्मवर पुढचा प्रश्न तोच होता," म्हणतो,
आणि स्वतःच हसतो, कसंनुसं.

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे,
मागच्या कपाटात तीन खण भरून.
सांगत नाही ते एवढंच:
सडबरीला, मी त्याच्याएवढी असताना,
एक बाई म्हणाली होती, घरी गेल्यावर
मी आधी सगळे दिवे लावते,
आणि मी घड्याळाकडे बघून म्हटलं होतं,
पुढच्या वेळी इथूनच सुरू करू.
पुढची वेळ आली नाही.
डॉ. लाव्हालींनी ती टेप शेवटपर्यंत ऐकली,
चष्मा काढला, पुसला,
आणि म्हणाल्या, "हं."
सव्वीस वर्षं मी त्या एका अक्षराचा
अर्थ लावते आहे.
कधी ती क्षमा वाटते,
कधी नुसताच दमलेल्या बाईचा श्वास.

पुढच्या बुधवारी टेरो उशिरा येतो.
रेकॉर्डर या वेळी सुलटा.
हातमोज्यांकडे तो परत गेलाय, सारवासारव न करता:
"मागे तुम्ही मोज्यांचं म्हणालात
आणि मी झोपेचं विचारलं."

हीटर.
खुर्ची एकदा करकरते, पेशंटची की याची, कळत नाही.
मी मोजायला लागते आणि वीसनंतर विसरते.

"रिकामी बोटं बायको आत दुमडून शिवते,"
तो माणूस शेवटी म्हणतो.
"मला न विचारता."
थोड्या वेळाने:
"मी उसवतो."

टेरो टेपवर काहीच बोलत नाही.
टेरो खोलीतही काही बोलत नाही,
माझ्या तोंडाकडे बघतो.
माझ्या जिभेवर चांगली दोन वाक्यं तयार असतात,
नेमकी, उपयोगी, लिहून घेण्याजोगी.
तोंडातून निघतं,
"हं."

नोंदीखाली त्याची सही, त्याखाली माझी:
पाहिलं, तपासलं.
माझ्या सहीशिवाय त्याची नोंद ग्राह्य नाही,
असा इथला नियम आहे.
पेन चालत नाही, थंडीने असेल.
तो आपलं पुढे करतो.
दाराशी त्याच्या बुटांखाली
बर्फाचं पाणी झालंय,
आणि जाताना तो ते ओलांडत नाही,
सरळ त्यातूनच जातो.