पातळ पाकीट

सदतीस वर्षं मी डोनेगलच्या या डोंगरकडेला टपाल वाटलं.
रस्ता संपेल तिथे हिरवी व्हॅन सोडायची
आणि पुढे पायी,
मेंढ्यांची फाटकं उघडत, लावत,
बुटात दलदलीचं पाणी.
पिशवी कायम उजव्या खांद्यावर.
त्यानेच उजवा खुबा गेला असेल, डॉक्टर म्हणाला,
किंवा नसेलही.
तो आमचा गावचा डॉक्टर. त्याने मोठ्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिली.
त्या चिठ्ठीला आता एकवीस महिने झाले.

वाट पाहणं म्हणतात याला.
मी वाटा चाललेली बाई,
त्यांच्याकडे पाहायला मला सवड कुठे होती!
आता खिडकीतून सगळी दिसते:
मॅकगिन्लींच्या गोठ्यापाशी वळते,
पुलावरून येते,
माझ्या फाटकाशी थांबते.
साडेदहाला त्या वाटेने थियागो येतो, नवा टपालवाला, ब्राझीलचा.
"नुसत्या जाहिराती, ब्रोना!" लांबूनच ओरडतो,
मी उठू नये म्हणून.
हाताला लागताच पाकीट ओळखतो पोरगा. मीच शिकवलंय.
विजेचं बिल जाड. हॉस्पिटलचं पातळ.

जिना तेरा पायऱ्यांचा. नाताळापासून चढले नाही.
आईला शेवटच्या दोन रात्री ज्या खोलीत ठेवली होती,
लोक चहा पीत तिच्याभोवती बसले होते,
तिथे माझा पलंग आणलाय.
मोजे चढवायला भावाने काठीला तारेचा आकडा करून दिला.
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी फोन करते.
आधी बासरी वाजते, बरीच वाजते,
मग एक बाई. गोड बोलते बिचारी.
तुम्ही यादीत आहात.
कितवी?
तसं सांगता येत नाही.
तिची सासूही त्याच यादीत आहे,
एकदा तिच्याच तोंडून निसटलं.
त्यानंतर मी तिच्यावर चिडत नाही.
चिडायला दुसरं कुणी शोधतेय.

एक सांगायचं राहिलं.
पंधराएक वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात,
माझ्या पिशवीत असंच पातळ पाकीट होतं,
ह्युई बॉयलच्या नावाचं.
ह्युईला पुरून अकरा आठवडे झाले होते.
नियम असा, की पत्र पत्त्यावर जातं,
माणूस असो नसो.
दोन दिवस मी ते पिशवीतच फिरवलं.
तिसऱ्या दिवशी नोराच्या हातात दिलं.
तिने फोडलं. "हृदयाचा डॉक्टर," म्हणाली, "सोमवारी, सव्वानऊला."
मग म्हणाली,
"इतक्या सकाळी उठला असता होय तो?"
आम्ही दोघी हसलो. फार हसलो.
सोमवारी ती गेली म्हणे, एकटीच, पहाटेच्या बसने.
नाव पुकारलं तेव्हा
उठून उभी राहिली.

काल थियागो ओरडला नाही.
फाटक उघडून आत आला, हातात पातळ पाकीट,
टोपी काढलेली, जसा काही चर्चमध्ये.
मी सुरीने फोडलं, सावकाश, चष्मा लावून:
आपणांस ही भेट अद्याप हवी आहे काय?
होय किंवा नाही, योग्य चौकोनात खूण करावी.
अठ्ठावीस दिवसांत उत्तर न आल्यास नाव वगळण्यात येईल.
तारीख नाही. मागची बाजूही पाहिली, कोरी.

थियागो उभाच.
"पेन दे," म्हटलं.
अशी खूण केली की खालच्या टेबलावर उमटली.
"द्या, मी टाकतो," तो म्हणाला.
नको.
घरच्याला बाजारचं काम सांगावं तसं
मी याला माझं "होय" सांगणार नाही.

पुलापलीकडे हिरवी पेटी. पूर्वी चार मिनिटं लागायची.
आज सव्वाअकराला निघाले,
काठी एका हातात, दुसरा कठड्यावर.
मॅकगिन्लींची कुत्री सोबतीला आली,
माझ्या चालीला कंटाळली, पुढे जाऊन बसली,
परत आली.
पेटीवर लिहिलंय, टपाल साडेचारला निघतं.
भरपूर वेळ आहे.